वडजाई फाट्याचा मुका रस्ता

ज्या दिवशी आमच्या दारातला हायवे मुका झाला, त्या दिवशी मला पहिल्यांदा ऐकू आल्या त्या माझ्याच बांगड्या. लग्नापासून हातात आहेत, पण त्या वाजतात हे मला ठाऊकच नव्हतं. मी भाकरी थापत होते आणि परातीत काहीतरी किणकिणत होतं. आधी वाटलं, चमचा पडलाय. हात थांबवला की आवाज थांबायचा, हात चालला की परत यायचा. शेवटी उमगलं तेव्हा पिठाच्या हातांनी तोंड झाकून हसत बसले. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, वैजाक्काचं डोकं फिरलं.

मी वैजयंता हणमंत थोरवडे. कराड सोडून कोल्हापूरकडे निघालात की वडजाई फाटा लागतो, तिथं आमचं टायरचं दुकान आहे. चाक खोलणं, बसवणं, हवा भरणं हे आमच्या मालकांचं काम आणि फाटलेल्या टायरला गरम पॅच मारणं माझं. मालक म्हणजे माझे यजमान. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार आणि पुढच्या पत्र्याला जवळजवळ चिकटून सहा पदरी रस्ता. अवजड ट्रक गेला की तव्यावरची भाकरी आपली आपण सरकायची. फाट्यावर कुणी बोलायचं म्हणून नाही, सगळे ओरडायचे. बाहेरगावहून आलेल्या नव्या सुनांना सुरुवातीला वाटायचं की सासरची सगळी माणसं आपल्यावर चिडलेली आहेत. मग त्याही ओरडायला शिकायच्या आणि मुरायच्या.

ओरडूनही भागायचं नाही तिथं हात कामाला यायचे. मूठ गोल फिरवली की टायर. गालाला तळहात लावला की स्टेपनी, कारण ती बिचारी झोपलेली असते. नाक चिमटीत धरलं की समोरचं गिऱ्हाईक चिकट आहे, जपून. सर्व्हिस रोडच्या पलीकडे मुमताजभाभीची चहाची टपरी. ती तिथून नुसत्या बोटांनी विचारायची, चहा किती, साखर घालू का, आणि जाता जाता आपल्या सुनेचं गाऱ्हाणंही सांगून टाकायची. हे सगळं आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं की त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलंच नाही. आणि या हातभाषेत आमच्या मालकांचा हात धरणारा फाट्यावर दुसरा नव्हता. ते एक शब्द न बोलता अख्खी नक्कल करायचे. सरपंचांची चाल, आरटीओच्या साहेबाची ढेरी, काही विचारू नका.

शर्वरी आमची एकुलती एक. त्या गोंगाटात तिचा अभ्यास होईना, म्हणून सहावीतच तिला माझ्या बहिणीकडे कराडला ठेवली. त्यामुळे तिची हातभाषा चहा आणि टायरच्या पुढे काही गेली नाही. पोर हुशार निघाली. पुण्याला शिकली, रबराची इंजिनिअर झाली. आम्ही रबर चिकटवून पोट भरलं आणि ती रबर वितळवून नाव काढायला लागली.

सगळे म्हणायचे, विजेच्या गाड्या आल्या की गोंगाट संपेल. गाड्या आल्या. इंजिनं गप्प झाली. आणि गोंगाट होता तसाच राहिला, उलट वाढलाच. मी एकदा शर्वरीला विचारलं, हे कसं काय?

"आई, गाडी वेगात असली की आवाज इंजिनाचा नसतोच मुळी," ती म्हणाली. "टायरचा असतो. टायरच्या खाचांत हवा अडकते, रस्त्यावर दाबली जाते आणि फटकन बाहेर पडते. एकेका चाकाखाली दिवाळीतल्या टिकल्यांची अख्खी डबी उडत असते म्हण ना. त्यात बॅटऱ्यांमुळं गाड्या झाल्यात जड. आवाजही जास्त आणि टायरही लवकर झिजतात."

ते मात्र मला सांगायला नको होतं. झिजलेल्या टायरांचा ढीग दुकानामागे आमच्या पत्र्याच्या वर गेला होता. त्यात पाणी साचायचं, डास व्हायचे, साप निघायचे. एकदा पेटला तर आठवडाभर धुमसत होता आणि गावभर काळी थुंकी. टायर कुजत नाही, जाळता येत नाही, पुरला तर वर येतो. सवतीसारखा घर धरून बसतो.

शर्वरीनं त्या ढिगाचाच रस्ता करायचं मनावर घेतलं. टायर डांबरात घालायची कल्पना तशी जुनी आहे, ती स्वतःच सांगायची. टायर कापायचा, आतल्या तारा लोहचुंबकानं ओढून घ्यायच्या, मग रबर इतकं गार करायचं की ते काचेसारखं फुटतं. त्याचा तिळाएवढा चुरा करायचा. तो तापलेल्या डांबरात पडला की भिजवलेल्या साबुदाण्यासारखा फुगतो. मग रस्ता लवकर तडकत नाही, खड्डे कमी पडतात आणि आवाजही थोडा कमी होतो. इथवर जगाला माहीत होतं.

तिच्याबरोबर काम करणाऱ्या लोकांनी काढलेली गोष्ट पुढची. टायर काळा असतो तो त्यातल्या काजळीमुळे, आणि काजळीतून वीज वाहते. रबर दाबलं की ती काजळी जवळ येते आणि वीज बदलते. म्हणजे चुऱ्याच्या प्रत्येक कणाला कळतं की आपल्यावर किती भार पडला. पण यांनी त्या चुऱ्यावर अशी काही प्रक्रिया केली की उलटंही व्हायला लागलं. वीज दिली की कण केसभर फुगायचा, काढली की आक्रसायचा. मग रस्त्याचे दोन थर केले. वरचा थर ऐकणारा, खालचा ढकलणारा. वरच्यानं चाकाचा धक्का ओळखायचा आणि खालच्यानं त्याच क्षणी बरोबर उलटा धक्का द्यायचा.

"तू झोक्यावर मला ढकलायचीस," शर्वरी म्हणाली. "झोका येताना समोरून अलगद हात लावला की थांबायचा का नाही? तसंच. आवाज म्हणजे हवेचा झोका. त्याला समोरून हात लावायचा."

मला ते तेव्हा नीट कळलं नाही, पण लेक बोलत होती आणि मी बघत होते, तेवढं पुरे होतं.

प्रयोगासाठी सरकारकडून रस्त्याचा एक तुकडा मिळणार होता, तो तिनं भांडून आमच्या फाट्याचाच मागून घेतला. आमचा ढीग उचलून नेला. यंत्र एकेक टायर उचलत होतं आणि मालक शेजारी उभे राहून त्यांना निरोप देत होते. काही टायर त्यांना ओळखूच येत होते. कुठला कुणाच्या ट्रकचा, कुठं फुटला होता, सगळं. पावसाळा संपल्यावर तो चुरा डांबरात मिसळून आमच्याच दारात अंथरला आणि एका सकाळी वीज जोडली. पुढचं मी सांगितलंच. बांगड्या वाजल्या.

त्या आठवड्यात काय मजा झाली म्हणून सांगू! मुमताजभाभीचा पोपट शिव्या देतो हे गावाला तेव्हा कळलं. सरपंच धैर्यशीलदादा फोनवर कुणाशी तरी फार लाडानं बोलतात हेही कळलं आणि पलीकडे कुणी बाई नव्हे, तर ज्योतिषी आहे हे कळल्यावर गावाची निराशा झाली. लोक आपापल्या दारात खुर्च्या टाकून बसायला लागले. हळू बोलायला लागले. हळू बोलताना माणसं एकदम शहाणी दिसतात. गाड्या समोरून धावत होत्या, पण चित्रात धावावं तशा. रस्ता ओलांडायच्या जागी तेवढा एक खडबडीत पट्टा मुद्दाम ठेवलेला, तिथं टकटक व्हायची, म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाडी आल्याचं कळावं.

मी देवाला हात जोडते तशी रोज सकाळी त्या रस्त्याला हात जोडायचे. लाज कशाची? माझ्या डोक्यातला तीस वर्षांचा घणघणाट माझ्या लेकीनं उतरवला होता. पोटच्या पोरीचे आभार मानायची आपल्यात रीत नाही, म्हणून रस्त्याला नमस्कार.

फक्त आमचे मालक बिघडत चालले होते.

पहिले दोन दिवस ते आपल्या नेहमीच्या पट्टीत बोलले. गिऱ्हाईक दचकून मागं सरायचं. "काका, हळू की जरा!" सरपंच हसत म्हणाले, "हणमंतराव, आता बोंबलायचं कारण न्हाई बगा. लेकीनं रस्ता केलाय न्हवं?" मालकही हसले. तिसऱ्या दिवशी कमी बोलले. मग बोलणंच टाकलं. कुणी काही विचारलं की मान डोलवायची आणि म्हणायचं, "व्हय व्हय, चालतंय की." आणि गाडी दारात उभी राहिली रे राहिली की कंप्रेसर चालू करायचा. टाकी हवेनं टम्म भरलेली, तरी चालू. तो डबडा धडधडायला लागला की गिऱ्हाईक ओरडून बोलायचं, हातवारे करायचं आणि मालकांच्या चेहऱ्यावर जीव यायचा.

गाव तक्रार घेऊन आलं. "आवो, समदा फाटा गप झाला आन् तुमचाच कंप्रेसर बोंबलतोय!" मीही तोंड सोडलं. म्हटलं, वयानं बुद्धी नाठी झाली का? ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "व्हय व्हय."

एक दिवस दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मालक माझ्याकडे पाठ करून नटबोल्ट निवडत होते. मी टायरवर पॅच ठेवून यंत्र गरम होऊ देत होते. इतकी शांतता होती की पेरूच्या झाडावरचा बुलबुल दुकानात येऊन बोलल्यासारखा वाटत होता. का कोण जाणे, मला खोडी काढावीशी वाटली. नवऱ्याचं नाव आमच्याकडे फक्त उखाण्यात घेतात. नुसतं नाव घेऊन हाक मारायची हिंमत मला कधी झाली नाही, आणि झाली असती तरी त्या गोंगाटात ऐकलं कुणी असतं? आता मात्र गंमत वाटली. मी अगदी हलकेच म्हणाले, "हणमंत."

मान वळली नाही. म्हटलं, सोंग करतायत.

"ए हणमंता. ए म्हाताऱ्या."

नटबोल्ट निवडणं चालूच. मी आवाज चढवला. मग आणखी चढवला. शेवटी ओरडले, "अवो, दुकान पेटलंय!" पलीकडून मुमताजभाभी टपरीतून बाहेर आली काय झालं बघायला. मालकांचा केससुद्धा हलला नाही.

मी तशीच उभी राहिले आणि इकडे पॅच जळायला लागला. तो वास सुटला तेव्हा मात्र ते झटकन वळले आणि हातानं म्हणाले, लक्ष कुठाय, पॅच जळतोय.

मी यंत्र बंद केलं. त्यांच्या समोर जाऊन बसले. कानाला हात लावला आणि पंजा उघडला. कधीपासून?

त्यांनी हातातला नट खाली ठेवला. मग जमिनीपासून हात वर नेत नेत कमरेच्या थोडा वर धरला. शर्वरी एवढी होती तेव्हा सुरू झालं. मग हात खांद्यावर नेला आणि दुसऱ्या हाताची मूठ हळूहळू मिटली. ती एवढी झाली तेव्हा संपलं.

म्हणजे पोरगी कॉलेजात गेली तेव्हापासून माणसाला काही ऐकू येत नव्हतं. मी त्यांच्याशी दिवसभर बडबडत होते, भांडत होते, आणि ते माझे ओठ आणि हात बघून बरोबर उत्तर देत होते. कित्येकदा चुकीचं द्यायचे, पण फाट्यावर चुकीचं ऐकू येणं हीच रीत होती. मिरजेला जाऊन डॉक्टरलाही दाखवून आले होते गुपचूप. कानाच्या आत बारीक लव असते म्हणे, आवाजानं ती हलते तेव्हा आपल्याला ऐकू येतं. कंप्रेसर आणि हायवेनं ती लव झोडपून झोडपून मारली होती. नवे उपाय निघालेत, पण ते वेळेत गेलेल्यांना. कानातलं मशीन घेऊन बघितलं. त्यानं नुसता कल्लोळ मोठा व्हायचा, शब्द फुटायचे नाहीत. ते मशीन व्हॉल्व्हच्या पिनांच्या खणात पडून होतं.

"मला का सांगितलं न्हाई?" मी हातानं विचारलं आणि तोंडानंही. "माझ्यापास्नं लपवलंसा?"

तेव्हा ते बोलले. किती दिवसांनी. "लपवलं कुटं? हितं समदंच भैरं हुतं. त्यात म्या एक."

मला हसावं की रडावं कळेना. खरंच होतं ते. गोंगाटात ते एकटे नव्हते. शांतता झाली आणि एकटे पडले.

"शर्वरीला सांगू नगंस," ते म्हणाले. "तिला वाटतंय तिनं मला सुख दिलं. तिला जर का कळलं, तर पोरगी त्यो रस्ता उखडून टाकंल. तिचं नाव हाय त्यावर. तिचं समदं हाय. तुला माझी आण हाय."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. आण घेतली.

त्यानंतर महिन्याभरातच पुण्याहून सरकारी समिती येणार असल्याचं शर्वरीनं कळवलं. फाट्यावरच्या माणसांना विचारणार होते की या रस्त्यानं काय झालं. लोक हो म्हणाले तर हाच थर पुढच्या सगळ्या गावांतून जाणार. आमच्यासारखी घरं हायवेला चिकटलेली अशी गावं काय थोडी आहेत? आणि कुणाला त्रास आहे असं निघालं तर काम तिथंच थांबणार आणि आमच्या दारातला थरही काढणार. सगळ्यांत आधी विचारणार होते हणमंत थोरवड्यांना. टायर त्यांचे, घर सगळ्यांत जवळचं.

"दुसऱ्या कुणाला इच्यार की आधी," मी म्हटलं. "त्यांचा घसा बसलाय."

"आई, आबाच पहिले," शर्वरी म्हणाली. "हा रस्ता ज्यांच्यासाठी केला, त्यांनीच सांगायला पाहिजे."

मी मालकांना तयार केलं. पहिला प्रश्न असा येईल, असं सांगा. दुसरा असा येईल. आणि मी पुढंच बसते, अडलात तर माझ्या हाताकडे बघा. ते म्हणाले, "लगीन लावाय निगाल्यासारकं काय करतीस?" पण पाठ केलं बिचाऱ्यांनी.

समिती आली. शाळेसमोर मांडव घातलेला. आमचं नशीब असं की सरपंचांनी बायकांना मागं बसवलं आणि मी चार रांगांच्या मागं गेले. समितीच्या मुख्य होत्या कामतमॅडम. चष्मा, सुती साडी, फार मऊ बोलणं. इतक्या मऊ बोलायच्या की त्यांचे ओठ जेमतेम हलायचे. मी मनात म्हटलं, मेलो आता.

"हणमंतराव, या रस्त्यानं तुम्हाला काही त्रास होतोय का?" त्यांनी विचारलं. मी शिकवलेला पहिला प्रश्न तर वेगळाच होता, रस्ता कसा वाटतो.

"व्हय व्हय," मालक म्हणाले.

कामतमॅडम पुढे वाकल्या. "कसला त्रास? झोपेचा? की गाड्या कळत नाहीत म्हणून भीती वाटते?"

"चालतंय की."

"म्हणजे... हा थर काढून टाकावा असं तुमचं म्हणणं आहे?"

मालकांनी मला शोधलं, मी दिसले नाही. मग त्यांनी हसून दोन्ही हात जोडले. "व्हय व्हय. चालतंय की."

शर्वरी समितीच्या बाजूला उभी होती. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिला वाटलं, बाप आपल्या विरोधात बोलला. तिनं हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली आणि ती बापाकडे बघत राहिली.

माझ्या गळ्यात आण अडकली होती. बोलले तर नवऱ्याचा विश्वास जातो, नाही बोलले तर लेकीचा रस्ता. आणि रस्ता तिच्या एकटीचा कुठं होता? पुढच्या गावांत माझ्यासारख्या किती बायका तव्यावरची सरकती भाकरी धरून बसल्या असतील. मी उठले. देवाला म्हटलं, आण मोडल्याचं पाप माझ्या खात्यावर टाक.

"मॅडम, जरा थांबा. ह्यास्नी ऐकू येत न्हाई."

आधी कुणीतरी हसलं. मग ते हसू तिथंच विरलं. मी चपला काढून खुर्चीवर चढले, म्हणजे मालकांना दिसावी. तळहात पालथा करून लांबवर सरकवला, म्हणजे रस्ता. मूठ छातीशी धरली, ठेवायचा? मग खांद्यावरून मागं फेकल्यासारखं केलं, की काढायचा? मॅडम हे विचारतायत, आणि तुम्ही म्हणालात, काढा.

मालक जागच्या जागी थिजले. मी आण मोडली हे त्यांना कळलं आणि आपण काय बोललो हेही कळलं. त्यांनी शर्वरीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता उठून निघून जातील.

त्यांनी हात वर केले. ते हातानं बोलत गेले आणि मी खुर्चीवर उभी राहून तोंडानं सांगत गेले.

"रस्ता ऱ्हाऊ द्या. कान गेलं तरी माझ्या हाडांत ट्रक धावायचा. रात-दिस. भित थरथरायची, खाट थरथरायची. आता हाडं निवांत हायती. मला नीज येती. लेकीचा रस्ता मला कानानं न्हाई, पर हाडानं कळलाय."

कामतमॅडमनी चष्मा काढला. मालक थांबले, मग गावाकडे वळले.

"माजी तकरार रस्त्याची न्हाई," मी सांगत होते. "माजी तकरार तुमची हाय. आदी समदी हातानं बोलायचा. आता तुमास्नी कान मिळालं आन् तुमी हात इसरलासा."

मग मागच्या रांगेतून मुमताजभाभी उठली. पदर खोचला आणि दोन्ही हात वर करून फाट्याच्या भाषेत मालकांना चांगलंच झापलं. एवढे दिवस सांगायला काय झालं होतं, मी काय मेले होते का, आणि उद्यापासून दुपारचा चहा टपरीवर येऊन प्यायचा, नाही आलात तर बघा. धैर्यशीलदादांनी उभं राहून आपले दोन्ही कान धरले. त्याला काही खूण लागत नाही, ते सगळ्यांना कळतं.

शर्वरी बापासमोर येऊन उभी राहिली. "आबा, मी तुमच्यासाठी म्हणून..." एवढंच म्हणाली आणि तिचे ओठ थरथरायला लागले. थरथरणारे ओठ वाचता येत नाहीत. मालक तिच्या तोंडाकडे डोळे ताणून बघत होते आणि त्यांना काही कळत नव्हतं. तिनं हात उचलले, पण तिला काय येत होतं? चहा आणि टायर. ती माझ्याकडे वळून रडत म्हणाली, "आई, चुकलं म्हणायचं तर कसं करायचं गं?"

मी खुर्चीवरून खाली उतरत होते, तेवढ्यात मालकांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. तिला काय म्हणायचं ते त्यांना कळलं असावं. आणि ते बोलले. सगळ्यांनी हळू बोला म्हणून गप्प केलेला तो आवाज, सहा पदरी रस्त्याच्या वर चढायचा तो आवाज, त्यांनी पुरा सोडला. तो किती मोठा आहे हे त्यांना कळायचं काही साधन नव्हतं.

"चुकलं कसलं, पोरी! ह्या आवाजापायी तुला एवढीशी असताना घरातनं बाहीर धाडली! बाप असून मला त्यो आवाज बंद करता आला न्हाई! तू केलास! लई उपकार झालं बाई तुजं! लई उपकार झालं!"

बाजूनं ट्रक चालले होते, बिनआवाजाचे. कामतमॅडमचा हात दचकून कानाकडे गेला आणि मग त्यांनी तो हळूच खाली घेतला. पलीकडच्या शिवारात ऊस तोडणारी माणसं कोयते थांबवून बघत राहिली, असं मागून कळलं. बापानं लेकीचे आभार मानले ते वडजाई फाट्यावरच्या एकूण एक माणसानं ऐकलं, आणि कुणीही त्यांना हळू बोला म्हणालं नाही.